सतीश सरांचं नाक आणि सुवर्णपराग

रिठदच्या हायस्कूलात सतीश अंभोरे सर मराठी शिकवायचे. पण त्यांचं खरं काम शाळा सुटल्यावर सुरू व्हायचं. रिसोडपासून मंगरूळपीरपर्यंत कुठंही मांडव पडला की माइकवर सर. सत्कार, निरोप समारंभ, पाण्याच्या टाकीचं उद्घाटन, दहावीच्या गुणवंतांचा गौरव, काहीही असो. आवाज भारदस्त, पाठांतर दांडगं, आणि दोन वक्त्यांच्या मध्ये टाकायला चारोळ्यांचा न संपणारा साठा. वक्ता पाच मिनिटं बोलणार असेल तर त्याची ओळख सर सात मिनिटं करून द्यायचे.

एवढ्या गुणी माणसाचं नाक मात्र दगाबाज होतं. पोळा झाला, बांधाबांधानं गाजर गवत पांढरं फुललं, की सरांच्या नाकातून पाणी सुरू. पुढं सोयाबीन निघालं, थ्रेशर फिरायला लागले, कुटाराची, म्हणजे भुशाची, धूळ गावावर तरंगायला लागली, की शिंकांची माळच लागायची. शाळेत त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. फळ्याकडे तोंड करून शिंकता येतं. माइकसमोर मात्र शिंक ही चारही भोंग्यांतून येते.

त्या वर्षी ती आली ती सोसायटीच्या जुन्या अध्यक्षांच्या शोकसभेत. सरांनी गहिवरल्या आवाजात सगळ्यांना श्रद्धांजलीसाठी उभं केलं. मांडव चिडीचूप झाला. आणि त्या शांततेत सर शिंकले. मग पुन्हा शिंकले. माइक बंद करायला हात पुढं केला तर तिसरी थेट माइकच्या जाळीवर. पहिल्या रांगेपुढं झोपलेली कुत्री उठून पळाली. अध्यक्षांच्या मुलानं रुमाल तोंडावर धरला होता. तो रडतोय असं लोकांना वाटलं, पण त्याचे खांदे वेगळंच सांगत होते.

पुढच्या कार्यक्रमाला माइक विजयमाला बाईंकडे गेला. विजयमाला बाई अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका. त्या चारोळ्या म्हणत नसत. नाव सांगायच्या, बोलवायच्या, बसवायच्या. कार्यक्रम वेळेत संपला आणि लोकांना जेवण गरम मिळालं. ही बातमी तालुक्यात पसरायला वेळ लागला नाही.

सर हादरले. त्यांची बायको सरिता जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होती. ती म्हणाली, "आता त डॉक्टरकडे चला. किती वर्षं मोहरीचं तेल नाकात घालसान?"

आधी गावातल्या दवाखान्यातून गोळी आणली. शिंका थांबल्या, पण झोप इतकी यायला लागली की एका निरोप समारंभात सरांनी समोर हार घालून बसलेल्या मुख्याध्यापकांचा उल्लेख 'कालवश' असा केला. मुख्याध्यापकांच्या पत्नीनं सरांकडे जे पाहिलं, त्यानं झोप उडाली आणि गोळीही सुटली.

मग सरितानं त्यांना वाशीमला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नाकात उजेड टाकून पाहिलं, चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, "गाजर गवताची आणि धुळीची अॅलर्जी दिसते. हा फवारा रोज सकाळी दोन्ही नाकपुड्यांत. पहिल्या दिवशी काही कळणार नाही. दोन-तीन आठवड्यांनी फरक पडेल. शेताकडे जाताना मास्क."

"एवढंच?" सरांनी विचारलं.

"एवढंच."

सरांना फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांचा आजार, त्याला काही इतिहास हवा, काही पथ्य हवं. निदान डॉक्टरांनी कपाळाला आठी तरी घालायला हवी होती. पण सरिता ऐकणारी नव्हती. तिनं फवाऱ्याची बाटली ब्रशशेजारी ठेवली, आणि सर तो मारेपर्यंत ती न्हाणीच्या दारात उभी राहायची.

पंधरा-वीस दिवस असे गेले. नाक तसंच. अशात एका रविवारी सर वाशीमला जिनेशच्या दुकानावर गेले.

जिनेश त्यांचा कॉलेजचा दोस्त. वडील देवेंद्रकुमार होते तोवर ते साधं किराणा दुकान होतं. त्यांच्या माघारी जिनेशनं अर्ध्या दुकानात 'निसर्गदालन' काढलं. कोरफडीचा रस, तांब्याच्या बाटल्या, नाचणीची बिस्किटं. गादीवर त्याची आई अंगुरीबाई बसायची. तिच्या नजरेतून दुकानातली एक लवंगही सुटत नसे.

त्या दिवशी दुकानाबाहेर, पायरीच्याही खाली, एका स्टुलावर लाल कापड टाकून सोनेरी झाकणाच्या बरण्या मांडल्या होत्या. सर खुर्चीवर बसता बसता तीनदा शिंकले. जिनेश उठला, चपला घातल्या, बाहेर जाऊन एक बरणी घेऊन आला आणि ती हातात धरून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"इकडे ये. हे पाह्य. सुवर्णपराग. मधमाशीनं फुलाफुलावरून गोळा केलेला पराग."

"मंग आत ये ना बे."

"आई येऊ देत नाही."

गादीवरून अंगुरीबाई म्हणाली, "माशीच्या तोंडचं आम्हा जैनांच्या दुकानात चालत नाही, सतीश. मध नाही, त मधाचं भावंडही नाही. विकायचं तर बाहेर विक, म्हटलं मी याला."

गिऱ्हाइकांना हे कारण ठाऊक नव्हतं. बाहेर, वेगळ्या स्टुलावर, लाल कापडावर ठेवलेली वस्तू म्हणजे काहीतरी खास, असं समजून लोक तिथं आधी थांबायचे.

सर पायरीवर आले. जिनेशनं बरणी उघडली. आत पिवळे, तांबूस, बारीक दाणे होते.

"आता समजून घे," तो म्हणाला. "तू कायच्यानं शिंकतं? हवेतला पराग नाकात जाते म्हणून. काहून का नाकाले त्याची वळख नाही. थोच पराग पोटातून गेला का अंगाले वळख होते. आता सांग, वळखीच्या मानसावर कोनी शिंकते का?"

सरांना हे एकदम पटलं. वाक्यात लय होती. डॉक्टरांच्या बोलण्यात ती अजिबात नव्हती.

"पण हा आपल्याकडचाच आहे ना?"

"शंभर टक्के स्थानिक. पाह्य, वरतंच लिहिलं."

"कुठलं स्थानिक?"

जिनेशनं बरणी फिरवून पाहिली. "जिथून आलं तिथलं."

"तू खाऊन पाह्यला?"

"आमच्यात चालत नाही न बे! म्हणून त सांगतो. मले याच्यात काही चव नाही, काही मोह नाही. मी निष्पक्ष आहो."

सर बरणी घेऊन घरी आले. रोज सकाळी चिमूटभर, कोमट पाण्यासोबत. आणि काय चमत्कार, आठवड्याच्या आत नाक मोकळं झालं. सर सकाळी उठले, अंगणात उभे राहिले, समोरून कुटारानं भरलेला ट्रॅक्टर गेला, आणि काहीच झालं नाही. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. बऱ्याच दिवसांनी त्यांना शेणाचा वास आला, आणि तोसुद्धा आवडला.

"पाह्यलं?" ते सरिताला म्हणाले. "सुवर्णपराग!"

"डॉक्टरनं तीन आठवडे सांगतले होते," सरिता म्हणाली. "तीन आठवडे झाले. फवाऱ्याचा गुण असंन."

"फवारा त लोक सोयाबीनवर मारतात," सर म्हणाले. "हे नैसर्गिक आहे."

सर गुण लपवून ठेवणाऱ्यांतले नव्हते. शाळेच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर, 'माजी विद्यार्थी' नावाच्या तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर त्यांनी आपल्या नाकाचं आत्मवृत्त टाकलं. महिन्याभरात रिठदमध्ये घरटी बरणी आली. सरांच्या आईनं, लिलाबाईनं, ती देवघरात नसली तरी तशाच मानाच्या जागी, टीव्हीवर ठेवली. कोणाचे गुडघे हलके झाले, कोणाचे केस गळायचे थांबले, कोणाची रुसून गेलेली सून परत आली. ज्यांना जन्मात कधी शिंका येत नव्हत्या, त्यांना अजूनही येत नव्हत्या, आणि तेही त्याचं श्रेय बरणीला द्यायला लागले. एकानं तर पराग म्हशीच्या सरकीच्या ढेपेत घालून पाहिला आणि म्हैस आता समजूतदार झाल्याचं सांगितलं.

जिनेशनं संधी ओळखली. त्यानं वाशीमच्या एका मंगल कार्यालयात 'निरोगी जीवन मेळावा' ठरवला. प्रमुख पाहुणे म्हणून एक योगशिक्षक, आणि सूत्रसंचालक सतीश सर. शिवाय अनुभवकथनही त्यांचंच.

बऱ्याच दिवसांनी मोठा माइक मिळणार म्हणून सर खूश झाले. पण ते मनाचे प्रामाणिक होते. भाषणाची तयारी करताना 'मी दुसरं कोणतंही औषध घेत नाही' या वाक्यापाशी ते अडखळले. वाक्य तर फार चांगलं होतं. ते खोडवेना. तेव्हा त्यांनी वाक्य ठेवलं आणि फवारा बंद केला.

"स्टेजवरून खोटं बोलायचं नाही," त्यांनी सरिताला सांगितलं.

"मंग ते वाक्यच काढा ना."

"वाक्यावरच टाळी आहे."

सरिता दारात उभी राहून थकली. शेवटी तिनं हात जोडले आणि शाळेला निघून गेली.

आठवड्याभरात नाक पुन्हा वाहायला लागलं. सरांनी जिनेशला फोन केला. जिनेश म्हणाला, "थंडी पडून राह्यली, पराग वाढला असंन हवेत. डोस वाढव." चिमटीचा चमचा झाला. घशात थोडी खाज यायला लागली, ओठाला मुंग्या आल्यासारखं वाटायला लागलं. जिनेश म्हणाला, "वळख पटून राह्यली." सरांनाही तसंच वाटलं. अंगात काहीतरी घडतंय हे चांगलंच लक्षण, असं त्यांचं मत. फवाऱ्यानं कधी काहीच घडलेलं जाणवलं नव्हतं.

मेळाव्याला मंगल कार्यालय भरलं. मागच्या रांगांत विजयमाला बाई आपल्या अंगणवाडीच्या सेविकांना घेऊन बसल्या होत्या. पाहुणे यायला उशीर होता, तेव्हा सरांनी चारोळ्या सुरू केल्या. मग पाहुणे आले, दीप पेटला, हार झाले, आणि सरांच्या अनुभवकथनाची वेळ आली.

"मी दुसरं कोणतंही औषध घेत नाही," सर म्हणाले. टाळी पडली. अगदी जिथं पडायची तिथंच.

त्या टाळीनं सरांना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. त्यांनी टेबलावरची बरणी उघडली, मोठा चमचा घेतला, शिगोशीग भरला आणि सगळ्यांसमोर तोंडात टाकला. "निसर्गाची ही देणगी..." ते म्हणाले आणि थांबले.

आधी कान तापले. मग ओठ जड झाले. सरांनी पुढचं वाक्य घेतलं, पण 'आदरणीय' या शब्दाचं तोंडातून काहीतरी भलतंच बाहेर आलं. डोळ्यांत पाणी भरलं.

"सर गहिवरले," पहिल्या रांगेत कोणीतरी म्हणालं. पुन्हा टाळी पडली. लोकांनी मोबाइल वर धरले.

सरांचे डोळे मिटत चालले होते, तरी त्यांनी माइक सोडला नाही. वरचा ओठ नाकाला जाऊन भिडला. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला आणि तो चारही स्पीकरमधून सभागृहात घुमला. योगशिक्षक डोळे मिटून म्हणाले, "पाहा, श्वासावर कसा ताबा आहे."

"अहो, त्यायले श्वास घेता येऊन नाही राह्यला!" सरिता ओरडत स्टेजकडे धावली.

जिनेश आडवा आला. "वहिनी, घाबरू नका. आतलं विष बाहेर निघून राह्यलं."

सरितानं त्याला बाजूला ढकललं. तोवर विजयमाला बाई स्टेजवर पोचल्या होत्या. त्यांनी सरांच्या बोटांतून माइक सोडवला.

"दाराशी पांढरी गाडी कोणाची आहे? चावी घेऊन आत्ता दारात या. मधली वाट मोकळी करा. समोरच्या चार पोरांनी वर यावं आणि सरांना उचलावं. बाकीच्यांनी बसून राहावं."

त्यात एकही चारोळी नव्हती. कोणी टाळी वाजवली नाही, पण वाट मोकळी झाली आणि गाडी निघाली.

दवाखान्यात नेल्या नेल्या डॉक्टरीणबाईंनी सरांच्या मांडीत इंजेक्शन दिलं, तोंडावर ऑक्सिजन लावला. मग विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"नैसर्गिक होतं," जिनेश म्हणाला.

"धोतराही नैसर्गिकच असतो. काय खाल्लं ते सांगा."

जिनेशनं खिशातली बरणी पुढं केली. बाईंनी ती उजेडात धरली, सरिताकडून गाजर गवताच्या अॅलर्जीचं ऐकलं. "म्हणजे ज्या पराग-कणांनी यांना शिंका येतात, तेच यांनी चमच्यानं खाल्ले. घसा आणखी सुजला असता तर इथवर पोचले नसते."

सरिता बाकावर बसली. तोवर ती रडली नव्हती, आता तिला थांबवता येईना. जिनेश तिच्यासमोर उभा होता. त्याला बसताही येईना आणि जाताही येईना.

दिवस मावळायच्या आत अंगुरीबाई आली. हातात मुगाच्या पाण्याचा डबा होता. सर डोळे किलकिले करून पडले होते. तिनं त्यांच्या कपाळावर हात ठेवला, मग जिनेशकडे वळली.

"मी नाही खाल्लं. तू नाही खाल्लं. सुनेनं, रिंकूनं, नाही खाल्लं. आपल्या घरातल्या कोणीच जिभेला लावलं नाही. मग हा काय परका होता, बेटा?"

"आई, मले खरंच वाटलं होतं का..."

"वाटलं होतं त चाखून तरी पाहायचं. पाप लागलं असतं त मी भरलं असतं."

दुसऱ्या दिवशी जिनेशनं स्टूल उचललं, लाल कापड धुवायला टाकलं आणि उरलेल्या बरण्या खड्डा खणून पुरल्या. सुवर्णपराग बंद, असं त्यानं दुकानाबाहेर पाटीवर लिहून ठेवलं.

आणि तिथून खरी मागणी सुरू झाली. एका चमच्यात धडधाकट मास्तर आडवा झाला, म्हणजे माल किती अस्सल असेल, असं लोक बोलायला लागले. मंगरूळपीरहून माणसं यायची, पाटी वाचायची, आणि मग गल्ल्याशी वाकून हळूच विचारायची, "आतल्या मानसायसाठी ठेवला असंन ना?" जिनेश शपथेवर नाही म्हणायचा. ती माणसं समजल्यासारखी डोळा मारून जायची. दवाखानेवाल्यांनीच बंद पाडलं, असाही एक पक्ष तयार झाला. त्या पक्षात रिठदची माणसं जास्त होती.

सर घरी आले. फवारा पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी सरिताला दारात उभं राहावं लागलं नाही. बरं वाटल्यावर विजयमाला बाईंचा फोन आला. "सर, आरोग्य शिबिर आहे गावात. तुम्ही येऊन खरं काय झालं ते सांगा. दहा मिनिटं. चारोळी नको."

सर बोलले, आणि मनापासून बोलले. आपला मूर्खपणा, ती टाळी, ते वाक्य, बंद पडलेला घसा, सगळं सांगितलं. मांडव शांतपणे ऐकत होता. सरांना वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीतरी कामाचं बोललो.

खाली उतरल्यावर दुर्गाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई त्यांना बाजूला घेऊन गेल्या.

"लय चांगलं सांगतलं, बाबू. माहे त डोळे भरून आले."

"समजलं ना, आजी? आता ते खायचं नाही."

"नाही, नाही. पण एक सांग. शिंका बंद झाल्या ना तुह्या?"

"झाल्या. पण त्या फवाऱ्यानं..."

"बस," आजी म्हणाल्या. "मले एक बरणी देजो मंग."

संक्रांतीनंतर सर आणि सरिता वाशीमला खरेदीला गेले, तर जिनेशच्या दुकानापलीकडच्या गल्लीत एका नव्या दुकानावर सरांना आपलं तोंड दिसलं. दोन तोंडं होती. डावीकडे मेळाव्यातलं, डोळे मिटलेलं, ओठ सुजलेलं. त्याखाली 'आधी'. उजवीकडे शाळेच्या स्नेहसंमेलनातलं, फेटा बांधून हसणारं. त्याखाली 'नंतर'. आणि मध्ये मोठ्या अक्षरांत: 'महापराग. फोन करा.' त्याखाली दुकानाचा नंबर.

सर तावातावानं आत शिरले. दुकानदार उठून उभाच राहिला. "अरे बाप रे, सर तुमी! जयभीम, जयभीम. या, बसा. आमचं भाग्य." सर जे बोलायला आले होते ते सगळं बोलले. पोलिसांचं नाव घेतलं. दुकानदार मान हलवत राहिला, फार दिलगीर झाला, आणि म्हणाला, "तुमचा फोटू आहे, तुमचा हक्क आहे. आत्ताच काढून देतो. तुमीच घेऊन जा."

त्यानं स्वतः शिडी लावली, बोर्ड उतरवला आणि सरांच्या हवाली केला.

बोर्ड चांगला पुरुषभर उंचीचा. तो मोटारसायकलवर न्यायचा कसा? शेवटी सरिता मागं बसली आणि तिनं तो दोन्ही हातांनी बाजूला धरला. पकड मिळावी म्हणून मागची चौकट आत आणि छापलेली बाजू बाहेर, रस्त्याकडे. तसे ते दोघं बाजारातून निघाले, एसटी स्टँडवरून गेले, कोर्टासमोरच्या गर्दीत अडकले. ऑटोवाले वळून पाहत होते. एका पोरानं मोबाइल काढला.

"लोक काहून पाहून राह्यले?" सरांनी मास्कमधून विचारलं.

"तुमी समोर पाहा," सरिता म्हणाली.

गावाकडे वळायच्या आधी चहाच्या टपरीवर दोन माणसं उभी होती. त्यातल्या एकानं हात करून गाडी थांबवली, बोर्ड नीट वाचला, मग मास्कवरून सरांचे डोळे पाहिले आणि ओळखलं.

"सर, तुमीच ना हे?"

"हो, पण हे खोटं आहे. मी सांगतो तुमाले काय झालं ते..."

"थांबा, सर, एक मिनिट," तो माणूस म्हणाला आणि दुसऱ्याकडे वळला. "पेन आहे का बे तुह्यापाशी? नंबर लिहून घे."